रिकामा फ्लॅश

जुन्या कॅमेऱ्याला आता कुणी विचारत नाही म्हणता, पण त्याच्यातली एक सोय या डिजिटलमध्ये नाही. वाळूजच्या कंपनीत लागलो तेव्हा मी रीळवाला कॅमेरा घेतला होता. फुलंब्रीला बहिणीचं लग्न, आणि रिळात फोटो फक्त छत्तीस! रीळ संपलं, घाईघाईत काढून खिशात टाकलं. आता पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? नुसताच फ्लॅश मारत सुटलो. सगळे खूश.

तेवढ्यात आमचे मेंढरंवाले दामूमामा मेंढा घेऊन मांडवात हजर. "ह्याचा बी काढ रं!" स्वतःचा पटका त्याला बांधला. मी डावीकडून, उजवीकडून आठ फ्लॅश मारले. नंतर सांगितलं, रीळ खराब निघालं.

पुढं कित्येक वर्षांनी डिजिटल घेऊन गेलो. मामांचा फोटो काढून लगेच दाखवला.

"ह्यो बरा हाय," मामा म्हणाले. "ह्यात फसवता येत नाय."

मी चपापलो. "मामा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? कॅमेऱ्याचं मागचं झाकण सताड उघडं होतं की रं!"

"मग बोलला का नाहीत?"

"मेंढा लई खुशीत उभा होता. त्याला कसं सांगू?"