दिसून राह्यलं का?

जयभीम. रिठदच्या साऱ्या बाया-माणसांनो, मालेगाव-रिसोडहून आलेल्या वाचकांनो, अन समोर बसलेल्या सुनीतावहिनी.

मी प्रतिभा. माणिकदादा चित्रं काढे, मी त्यातल्या माणसांचं बोलणं लिहो. सात वर्षं, दर रविवारी, मोबाईलवर आमची चित्रकथा चालली, 'थांबा'. आज चार ओळी लिहून आणल्या होत्या. वाचवत नाई. अन खरं सांगू? मले रडू कमी अन राग जास्त येऊन राह्यला. दादाचाच राग. अशा ठिकाणी असं बोलू नये म्हणतात. पण बोलू द्या.

पहिली वर्षं आठवा. दादा दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. फाट्यावर एसटीची वाट पाहणारे वीस जण एका चौकटीत काढे. कोणाच्या पिशवीतली मेथी बी ओळखू ये. गर्दी होती म्हणून भांडणं होती, भांडणं होती म्हणून हसू होतं. मले लिहाले जागा पुरत नव्हती.

मंग रेघ जाड झाली. विसाचे पाच झाले. मंग तोंडंच गेली, नुसत्या पाठी राह्यल्या. बाकावर एकटी आपल्या कथेतली म्हातारी यमुनाबाई, पाठमोरी. मी भांडली. "दादा, तोंडं काहून काढत नाईस?" तं म्हणे, "स्टाईल बदलली, प्रतिभा. पाठ जास्त बोलते." मी मानलं. आता पाठमोऱ्या बाईच्या तोंडी विनोद कसा बसन? मी विनोद काढून टाकले. गोष्टच बदलली. भांडणाऱ्या गर्दीची गोष्ट वाट पाहणाऱ्या एका बाईची झाली. तुमी लिहिलं, आता वाचून रडू येते. मी दादाले म्हटलं, तुही स्टाईल जिंकली. तो हसला. हसला, लोकहो!

एकदा बसच्या पाटीवर त्यानं 'रिसोड'चं 'रिसड' केलं. आख्ख्या बाजाराच्या पाट्या लिहिणारा माणूस, अन काना-मात्रा गेली? मी टोकलं. म्हणे, "राहू दे. म्हातारीले असंच दिसते." मले ते इतकं आवडलं, की यमुनाबाईचे डोये चालल्याची गोष्ट मी पुढं सहा रविवार लिहिली. त्याचंच दुखणं त्यालेच लिहून देत होती मी. अन तो मुकाट काढत होता.

परवा वहिनीनं सांगतलं. शुगरनं दोन वर्षांपासून त्याचे डोये जात होते. तोंडं दिसत नव्हती म्हणून काढत नव्हता. वहिनीले शपथ घातली होती, "प्रतिभाले सांगू नको, ती मंग सांभाळून लिहीन."

कायले, दादा? सात वर्षांच्या जोडीदाराले असं फसवते कोणी? दुखण्याले स्टाईल म्हणून माह्या गळी उतरवलं तू. मी तुले दवाखान्यात ओढत नेलं असतं. कोण कसं दिसते, बाजूले बसून सांगतलं असतं. तो माहा हक्क होता. तू मले त्यातून काढून टाकलं. मी अजून माफ नाई केलं. अन राग याचाही हाये, की त्या पाठी खरंच चांगल्या होत्या.

दर रविवारी चित्र पाठवून तो एकच विचारे, "दिसून राह्यलं का नीट?" मले वाटे, कौतुक पाहिजे याले. एकदा तं म्हटलं, "दिसते ना! मी काय आंधळी हाव?" तो खरंच विचारत होता, अन मी थट्टा करत होती.

शेवटच्या रविवारी चित्र आलं. एक बाक, रिकामा. खाली तोच प्रश्न. मी कामात होती. मंग सांगू म्हटलं. उत्तर राह्यलं.

आता दोन मिनिटं उभे राहू. पण एक मागते. डोये मिटू नका. त्याच्या फोटोकडे पाहा, नीट पाहा. मले उत्तर द्याचं हाये.

दिसून राह्यलं, दादा. साफ दिसून राह्यलं.