लेखकरावांची काकू

माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर, समोर बसलेले माझे जुने-नवे सहकारी, आणि ज्यांना आज निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे लेखकराव,

रेडिओवरच्या गुरुवारच्या विनोदी श्रुतिकेत मी अकरा वर्षं भांडकुदळ काकू होते. सुरुवात केली तेव्हा वय तेवीस, आवाज पन्नाशीचा! माझी वाक्यं लेखकराव स्टुडिओच्या काचेपलीकडे उभे राहून ओठांतल्या ओठांत म्हणायचे.

मग टेलिव्हिजन आलं आणि आमची श्रुतिका तिकडे निघाली. एका दुपारी लेखकराव माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. चहाचा कप तसाच बाजूला सारला.

"काकू, त्यांना दुसरी बाई हवीये. तुमचा चेहरा म्हणे काकूचा वाटत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

अख्ख्या गावाला हसवणाऱ्या माणसाला त्या वेळी एक धड वाक्य सुचू नये? मी उठून दार उघडलं. पुढे नऊ वर्षं त्यांचं तोंड पाहिलं नाही. टीव्हीवरची काकू गाजली. ती कुठे थांबायला चुकते, ते मला शेजारच्या खोलीतूनही कळायचं. अध्यक्षमहाराज, हे मत्सराने सांगत नाही. बरं, थोडं मत्सरानेच.

दहाव्या वर्षी ते पुन्हा दारात उभे. त्यांच्या पत्नीची, आमच्या वहिनींची, दृष्टी गेली होती. दुखणं हाताबाहेर गेलं होतं. त्यांना जुन्या श्रुतिका ऐकायच्या होत्या. पण रेडिओ केंद्रातल्या टेप केव्हाच पुसून पुन्हा वापरल्या गेल्या होत्या.

"कागद आहेत माझ्याकडे," ते म्हणाले. "आवाज नाही."

मी गेले. पंधरा गुरुवार आम्ही दोघं खाटेशेजारी बसून वाचत होतो. वहिनी हसायच्या, खोकायच्या आणि म्हणायच्या, "थांबू नका हो!"

सोळाव्या गुरुवारी वाचता वाचता लक्षात आलं, त्या हसत नाहीयेत. हात धरला, तो गार होता. लेखकरावांनी पान उलटलं. "काकू, तुमचं वाक्य."

मी म्हटलं. शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं.

त्यानंतर त्यांनी विनोद लिहिला नाही. निवृत्तीपर्यंत इतरांची हस्तलिखितं तपासली. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "लिहून कुणाला वाचून दाखवू?"

लेखकराव, मी तुम्हाला वहिनींच्या खाटेशेजारच्या पहिल्याच गुरुवारी माफ केलं होतं. सांगायला मात्र या समारंभाचा दिवस उजाडावा लागला.

संयोजकांचे मनापासून आभार. माइकसमोर मी अकरा वर्षं यांची वाक्यं बोलले. आजची माझी आहेत. त्यांत काही उणंअधिक झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.