प्रवचनातलं दार

बाई : पण तुम्ही त्याला नेमकं काय म्हणालात?

पाळक : त्याला असं काही म्हणालोच नाही. सगळ्या कैद्यांना मिळून म्हणालो. प्रवचनात.

बाई : काय म्हणालात?

पाळक : की माझं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे.

बाई : आपलं दार.

पाळक : अगं, प्रवचनात 'माझं' म्हणायची पद्धत आहे.

बाई : मग आता तुरुंगातले बाकीचे कधी येताहेत?

पाळक : बाकीच्यांनी ते मनावर घेतलेलं दिसत नाही. इतकी वर्षं दर शुक्रवारी जातोय मी. हा एकटाच ऐकत होता म्हणायचा.

बाई : आणि तो आता आपल्या पायरीवर बसलाय, गाठोडं घेऊन. आत कशासाठी होता?

पाळक : त्याला आता काय महत्त्व? देवानं त्याला क्षमा केली आहे.

बाई : देवाकडे कपाट नाही. कशासाठी?

पाळक : कुलपं.

बाई : विकायचा?

पाळक : उघडायचा. लोकांची. हळू बोल, ऐकू जाईल त्याला.

बाई : त्याला माहीत असेलच की. घरचं कुणी नाही का त्याला?

पाळक : एक भाऊ आहे, त्यानं गाव सोडलंय. चांगल्या वागणुकीवर याला लवकर सोडलं, पण आज संध्याकाळच्या आत चौकीत पत्ता द्यायचा. घरात ठेवून घेणाऱ्यानं सोबत जाऊन सही करायची. नाही तर उद्या परत आत.

बाई : तुमच्या चर्चच्या कमिटीला विचारलंत?

पाळक : विचारलं. म्हणाले, आम्ही प्रार्थना करू.

बाई : म्हणजे नाही. चिटणीसांची वरची खोली रिकामी आहे ना?

पाळक : ती त्यांनी रंगवायला काढली.

बाई : कधी?

पाळक : फोनवर बोलता बोलता. पण रविवारी मिशनचे पाहुणे येताहेत, तर यानं उभं राहून आपण कसे बदललो याची साक्ष द्यावी असं सगळ्यांचं मत पडलं. नवा शर्टसुद्धा मंजूर झालाय.

बाई : शर्ट घालून निजायचं कुठे, ते पाहुण्यांनी विचारलं तर?

पाळक : पाहुणे तसं विचारत नाहीत. फोटो काढतात.

बाई : आणि तुमचं मत काय?

पाळक : माझं… मी तुला विचारायला आलो होतो. म्हणजे, तू नको म्हणालीस तर मला त्याला सांगता येईल की…

बाई : की बायको नको म्हणते. वा! म्हणून मघापासून माझ्या मागे मागे फिरताय होय.

पाळक : तसं नाही गं. कपाटाची किल्ली मात्र कुठेतरी नीट लपवावी म्हणतो.

बाई : त्याच्यापासून किल्ली लपवून काय उपयोग? आणि त्याला बाहेर का बसवलंत?

पाळक : मी कुठे बसवलं! 'ये' म्हणालो नि आत आलो. तो आलाच नाही. लाजत असेल.

बाई : अहो भाऊ! आत या.

पाहुणा : हो बाई.

बाई : मग या ना.

पाहुणा : दार लोटलेलं आहे, बाई.

बाई : लोटलेलंच आहे, कडी नाही घातलेली. ढकला.

पाहुणा : पाळकसाहेब उघडतील का जरा? आत इतकी वर्षं दाराला हात नाही लावला. शिपाई उघडणार, आपण उभं राहायचं. आता हातच उठत नाही. सकाळी चहाच्या दुकानाबाहेर कितीतरी वेळ उभा होतो. शेवटी एक आजी आत निघाल्या, त्यांच्यामागून घुसलो.

बाई : पूर्वी तर लोकांची दारं उघडत होतात.

पाहुणा : ते वेगळं, बाई. तिथे कुणी 'या' म्हटलेलं नसायचं.

पाळक : थांब, मी उघडतो.

बाई : तुम्ही बसा. ढकला हो भाऊ. जुनं आहे, जरा जोर लागतो.

(बराच वेळ काही होत नाही. मग दार करकरतं.)

बाई : आलात? बसा तिथे. अहो, चष्मा घ्या. चहा झाला की यांना घेऊन चौकीत जा आणि सही करा.

पाळक : पत्ता कुठला सांगू?

बाई : प्रवचनातला.

पाहुणा : बाई, हे दार… असंच राहू दे?

बाई : नको, धूळ येते. लावून घ्या.

पाहुणा : कडी?

बाई : घाला ना.

पाहुणा : आतून?

बाई : आतून.