आज पाऊस कुठे?

मुखेडच्या बसस्थानकात सरजाबाईंनी शेजारच्या जिलानी सरांचा पेपर पाहिला.

"सर, देशात आज पाऊस कुठं हाय?"

"दिल्लीत ऊन. चेन्नईत ढग. पाऊस फक्त शिलाँगला."

"मग तिथंच हाय माझा आनंदराज! सकाळी फोनवर म्हणला, पाऊस लागलाय. गावाचं नाव सांगंना."

"कशाला चौकशी करायलीस?" नवरा लिंबाजी गुरगुरला. "घरातून हाकललंय त्याला."

"तुम्हीच हाकललं. सर, कसं हाय ते गाव?"

"मी गेलो नाही कधी," सर ओशाळले. "नुसतं वाचलंय. खिडकी उघडी राहिली, की ढग घरात येतात म्हणे."

"घरात? स्वेटर बी न्हाई नेला त्यानं."

लातूरची गाडी लागली. सरजाबाई उठल्या. लिंबाजी बसूनच राहिला. ती गाडीकडं गेल्यावर तो सरांकडे सरकला.

"सर, तिकडं जायला गाडी कुठून मिळती?"