धोंड्यावरचं नाव

निजामाच्या अमलातल्या जिंतुरात कीर्तन संपलं आणि दत्तोपंत मास्तर प्रसादाच्या रांगेत उभे राहिले. चाळीस वर्षं त्यांनी गावाचा इतिहास गोळा केला होता. त्यातलीच बारवेची कथा बुवांनी आज उत्तररंगात लावली होती. पुढं दोघी बोलत होत्या.

"बायनाबाई, बारव आपल्याच गावच्या बाईनं बांधली म्हनं!"

"अन् तिचं नाव, तू रोज लुगडी आपटतीस त्या धोंड्यावर कोरल्यालं हाय, कडूबाई."

"अगं बया! म्हनून त्यो येडा मास्तर धोंडा पुसत बसायचा?"

"येड्या आपुन! तिच्याच नावावर टाचा घासल्या."

"उद्यापासून लुगडी घरीच धुईन. धोंड्यावर फूल ठिवीन."

मास्तरांना ठसका लागला. दोघी वळल्या.

"मास्तर, तुमी मागं कशाला? आमच्या म्होरं या!"