पाचव्या पुस्तकाची सही

अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे साहेब, मंचावरचे पाहुणे, ज्यांना आज निरोप द्यायचा त्या इंजिनिअर बाई, आणि चहा संपला तरी बसून राहिलेले सगळे, तुम्हा सर्वांना नमस्कार.

मी इथे शिपाई. चौथी शिकले. दोन मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात आटपते.

बाईंनी काय केलं? इमारतीला वीज कमी लागावी म्हणून भिंत किती जाड, छत कसं, काच कुठली, याच्या नियमांचं पुस्तक असतं. ते दर तीन वर्षांनी नवं करायचं. बाईंनी चार वेळा केलं. त्यांच्याआधीच्या साहेबांनी एकदा मुखपृष्ठ बदललं होतं. तेही चांगलं होतं.

नवं पुस्तक आलं की जुनं प्रत्येक टेबलावरून उचलायचं, हे काम माझं. मागच्या खेपेला नकाशे मंजूर करणारे भाऊ म्हणाले, "मावशी, माझं राहू दे, यात माझ्या खुणा आहेत." मी राहू दिलं. भाऊंनी वर्षभर त्याच खुणा बघून नकाशे मंजूर केले. त्यातल्याच एका इमारतीत वरच्या मजल्यावर माझी लेक राहते. छत इतकं तापतं की दुपारी बाळाला जिन्यात निजवावं लागतं.

मी बाईंना जाऊन सांगितलं. वाटलं, आता माझी खैर नाही. बाई तशाच उठल्या. टेबलाटेबलावर जाऊन जुनी पुस्तकं स्वतः उचलली आणि भाऊंना नव्या पुस्तकात खुणा करून दिल्या. भाऊ आज पहिल्या रांगेत गुच्छ घेऊन बसलेत.

आता पाचवं पुस्तक. त्याची फाइल चार महिने मोठ्या साहेबांच्या टेबलावर आहे. रोज मीच पुसते. ज्याने पुस्तक केलं त्याची आणि साहेबांची सही एकाच दिवशी व्हावी लागते, हा इथला नियम. बाई साडेपाचला गेल्या की नवा माणूस पहिल्या पानापासून सुरू करणार. तोवर छतं काय तापायची थांबणार आहेत? सकाळी साहेबांना आठवण करून दिली, तर म्हणाले, आज समारंभ आहे, आज कसली कामं काढता.

म्हणून फाइल इथेच आणली. साहेब, तुमच्या पुढ्यात आहे, फुलदाणीच्या बाजूला. बाई, हसू नंतर, आधी तुम्ही सही करा.

झाली.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. पुढच्या वक्त्यांनी जरा थांबावं, मी इथून हलणार नाही.

घ्या साहेब. पेन चालतं, बघून आणलंय.