आबांचा कर्सर

चूक माझ्या चुलत्याची, दुसऱ्या कुणाचीच नाही. माझं काम बघता यावं म्हणून ब्राउझरमधल्या, दोघांना एकदम उघडता येणाऱ्या कोड एडिटरवर वडलांना, आबांना, मी खातं काढून दिलं होतं. आबा वारल्यावर ते बंद करणार होतो. चुलता म्हणाला, "वर्षश्राद्धाआधी नाव पुसायचं न्हाय." वर पासवर्डही घेतला, कॉलेज सोडलेलं पोरगं काय दिवे लावतंय ते बघायला.

आबांचे दोस्त, आजऱ्याचे काजूवाले, मी करत असलेली त्यांची वेबसाइट बघायला आलेले. मी डावीकडच्या यादीत फाइल शोधतोय, तर यादी आपोआप सरकून भलत्याच फोल्डरवर. एडिटरच तसला, दुसऱ्यानं फाइल उघडली की आपली यादीही तिकडंच पळते. मग तो दुसरा कर्सर दिसला. शेजारी आबांचं नाव.

पावणं पुटपुटलं, "तुझा बा तर गेला की रं?"

मी चुलत्याला फोन लावला. "आबांच्या खात्यातनं बाहेर पडा आधी!"

"मी कागलच्या एसटीत उभा हाय. मोबाइलवर मला ते उघडतंय कुठं?"

कर्सर खालच्या फाइलीपासनं एकेक वर चढत होता. आबा तसंच बघायचे.

पावणं चहा तसाच टाकून उठलं. माझं पहिलं काम होतं ते. गेलं.